काच, खडी आणि क्लेम

मनोरच्या मस्तान नाक्यावर सकाळी अर्धा तास उभे राहिले की पालघर जिल्ह्याचा सगळा कारभार डोळ्यांसमोरून जातो. गुजरातकडे निघालेले कंटेनर, वापीकडून मुंबईला चाललेले टँकर, पालघरकडे वळणारी एसटी, वाडा-भिवंडीच्या रस्त्याने आलेले टेम्पो, तारापूरच्या कारखान्यांत पाळीला पोहोचायच्या घाईतल्या मोटारी. आणि या सगळ्यांत मिसळलेले, खडीने शिगोशीग भरलेले डंपर. ताडपत्री असते, पण ती बहुधा मागच्या फळीपर्यंत पोहोचत नाही. गतिरोधकावर डंपर उसळतो, चार-दोन खडे रस्त्यावर सांडतात आणि तो पुढे निघून जातो. ते खडे मात्र तिथेच राहतात. मागून येणाऱ्या कुणाच्या तरी चाकाखाली सापडेपर्यंत.

पुढचा आवाज या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. ‘टक्’. काचेवर उडदाच्या दाण्याएवढी पांढरी खूण. गाडीतले सगळे एक क्षण गप्प, मग कुणीतरी म्हणते, “असू दे, इन्शुरन्स आहे ना.”

हा लेख त्या ‘आहे ना’बद्दल आहे. कारण विमा असतो, क्लेमही मिळतो, आणि तरीही कित्येकदा गाडीवाला तोट्यातच जातो.

खडी येते कुठून

खडी इथे परक्या मुलखातून येत नाही. चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळले की नागझरीच्या परिसरात दगडखाणी आणि क्रशर लागतात. मागणीही दाराशीच आहे. राष्ट्रीय महामार्ग 48 वर, घोडबंदरपासून तलासरीजवळच्या अच्छाडपर्यंत, सुमारे 121 किलोमीटर पट्ट्यात जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर चढवण्याचे काम निघाले आणि मनोरच्या आसपासचा प्रवास दीर्घकाळ वळणरस्ते, अर्धवट मार्गिका आणि उखडलेल्या कडांमधून होऊ लागला. याच जिल्ह्यातून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग जातो, तिचे एक स्थानक बोईसरला आहे. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग इथूनच जातो. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. यांतले प्रत्येक काम दगड मागते, आणि तो दगड आपल्याच रस्त्यावरून जातो.

खडा काचेवर किती जोराने बसतो हे त्याच्या वजनापेक्षा वेगावर अधिक ठरते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 80 किलोमीटरने जाताना जो खडा नुसती खूण पाडेल, तोच ताशी 100 ला दीडपटीहून अधिक जोराने आदळतो. म्हणून डंपरच्या मागे चिकटून चालणे आणि मग वेग वाढवून त्याला घाईने ओलांडणे, या दोन्ही सवयी काचेच्या मुळावर येतात. अंतर ठेवणे हा यावरचा एकमेव फुकटचा उपाय.

दोन काचा आणि मधला पडदा

मोटारीची पुढची काच एक नसते. दोन पातळ काचांच्या मध्ये पॉलिव्हिनिल ब्यूटिरल नावाच्या लवचिक प्लास्टिकचा पापुद्रा दाबून ती केलेली असते. फुटली तरी तुकडे पापुद्र्याला धरून राहतात, अंगावर येत नाहीत. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञ-चित्रकाराने अशा काचेचे पेटंट 1909 मध्ये घेतले. दरवाजांच्या काचा वेगळ्या: त्या सहसा एकेरी आणि कडक केलेल्या असतात, फुटल्या की खडीसाखरेसारखा चुरा होतो. त्यामुळे दाराची काच दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. पुढची मात्र वेळीच पाहिली तर वाचू शकते.

वेळीच, कारण तडा स्वस्थ बसत नाही. काच ठिसूळ का असते याचा हिशेब ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 मध्ये मांडला: मोठा ताण लागतच नाही, चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तिथूनच ती पुढे सरकते. त्या टोकाशी पाणी पोहोचले तर चीर आणखी सहज वाढते. म्हणजे पालघरचा पावसाळा काचेच्या बाजूने नाही. मे महिन्यात उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडणेही तितकेच वाईट. वरून खड्डे: वाडा-मनोर रस्त्यावर दोन फेऱ्या झाल्या की टिकलीएवढ्या खुणेला पाय फुटतात आणि ती रेघ होऊन काचेच्या कडेकडे चालू लागते.

पहिला दिवस

खूण पडली त्या दिवशी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. गाडी सुरक्षित जागी थांबवावी. खूण स्वच्छ, कोरडी असतानाच तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे धूळ आणि पाणी आत जाणार नाही. मोबाइलवर दोन फोटो काढावेत: एक जवळून, एक गाडीचा क्रमांक दिसेल असा. काचेवर गरम पाणी ओतू नये, दरवाजे आपटू नयेत, धुलाई केंद्रात जोरदार फवाऱ्याखाली गाडी नेऊ नये.

मग काचवाला. खूण रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान असेल, काचेच्या कडेपासून दूर असेल आणि चालकाच्या नजरेच्या थेट रेषेत नसेल, तर ती बहुधा भरता येते. हे काम जवळून पाहण्यासारखे असते. कारागीर आधी बारीक सुईने खड्ड्यातला काचेचा चुरा काढतो. मग काचेला चिकटणारा एक छोटा साचा त्यावर बसवतो, त्यातल्या पिचकारीने आधी आतली हवा ओढून घेतो, नंतर पाण्यासारखी पातळ राळ आत दाबतो. चिरेतला चंदेरी चकाकता भाग हळूहळू नाहीसा होतो. राळ कुठवर पोहोचली ते त्यावरून कळते. वर पारदर्शक पापुद्रा ठेवून जंबुपार किरणांचा दिवा काही मिनिटे लावला की राळ कडक होते. उरलेला उंचवटा ब्लेडने खरवडून पॉलिश. सगळे मिळून अर्धा-पाऊण तास. बारकाईने पाहिले तर डाग दिसतो, पण चीर थांबते. खर्च नव्या काचेच्या तुलनेत किरकोळ.

अडचण इतकीच की हे काम सगळीकडे होत नाही, आणि जिथे होते तिथेही नेहमी सुचवले जात नाही. काच भरण्यापेक्षा बदलण्यात दुकानाचा फायदा अधिक. “साहेब, भरून काय टिकणार? क्लेममध्ये नवी टाकू ना, तुमच्या खिशातून काय जातंय?” हे वाक्य ऐकू आले की एक पाऊल मागे सरकावे. खिशातून काय जाते हे त्याला ठाऊक नसते. ते आपल्याच पॉलिसीत लिहिलेले असते.

‘फुल’ विमा म्हणजे काय काय

मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नुसार सक्तीचा आहे तो फक्त तृतीय पक्षाचा विमा. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर तो उपयोगी पडतो. आपल्या काचेला त्यातून एक रुपयाही मिळत नाही. आपल्या काचेसाठी ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, चालू असायला हवा.

इथे एक खाचखळगा आहे. 1 सप्टेंबर 2018 पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, नव्या मोटारीबरोबर तृतीय पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र अनेकदा एकाच वर्षाचा असतो. मालकाच्या डोक्यात ‘तीन वर्षांचा विमा आहे’ एवढेच राहते, आणि दुसऱ्या वर्षी खडा बसतो तेव्हा कळते की कामाचा भाग केव्हाच संपला. पॉलिसीवर दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असतात. त्या दोन्ही पाहाव्यात.

हा भाग चालू असेल तर काचेच्या बाबतीत विमा उदार आहे. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून सर्वसाधारण पॉलिसीत घसाऱ्यापोटी निम्मी रक्कम कापली जाते; फायबरग्लासच्या भागांची 30 टक्के. काचेला घसारा शून्य. म्हणजे केवळ काचेसाठी ‘झिरो डेप’, म्हणजे घसारा न कापण्याची पुरवणी, घ्या असे कुणी गळी उतरवत असेल तर त्याची गरज नाही. त्या पुरवणीचा फायदा बंपरला आहे. उडालेला दगड ‘बाह्य अपघाती कारण’ या सदरात येतो. वादळात पडलेली फांदी, दंगल, खोडसाळपणे भिरकावलेला दगड, इतकेच काय, भूकंपही या विम्यात येतो; आणि नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या धक्क्यांनी हैराण झालेल्या डहाणू-तलासरीच्या लोकांना ही ओळ उगाच छापलेली वाटणार नाही. खडा उडून काच फुटली तर सहसा पोलिसांत जावे लागत नाही. कुणी मुद्दाम दगड मारला असेल तर मात्र तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी.

कापले जाते ते दुसरीकडे. प्रत्येक क्लेममागे सक्तीचा स्वहिस्सा, म्हणजे मालकाने स्वतः सोसायची रक्कम, असतो: 1500 सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला 1 हजार रुपये, त्यावरच्या मोटारीला 2 हजार. हप्ता कमी व्हावा म्हणून कुणी ऐच्छिक स्वहिस्सा घेतला असेल, तर तोही यात मिळवायचा. 5 हजारांचा ऐच्छिक स्वहिस्सा घेतलेल्या छोट्या गाडीला काचेच्या क्लेममधून हाती काय लागणार, हे वेगळे सांगायला नको. सीलंट, प्रायमर, क्लिपा यांचे पैसे पुरवणी नसेल तर अनेकदा मालकाच्या माथी येतात.

आणखी एक बाब बोईसरच्या वाचकांसाठी. पांढऱ्या पाटीची गाडी कारखान्याच्या माणसांची ने-आण करायला पैसे घेऊन लावली असेल, तर खासगी पॉलिसीच्या अटीचा भंग होतो आणि क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळते. काच हे निमित्त. उद्या मोठा अपघात झाला तर हीच अट सगळे घर बसवील.

बोनसचा हिशेब

आता मूळ मुद्दा. वर्षभर क्लेम केला नाही की स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर सूट मिळते, तिला आपण सगळे ‘नो क्लेम बोनस’ म्हणतो. ती चढत जाते: 20, 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50 टक्के. एक क्लेम केला, मग तो काचेचा का असेना, की पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर येते आणि चढण पुन्हा पहिल्या पायरीपासून.

समजा, गाडीचा बोनस वजा करण्यापूर्वीचा हप्ता 12 हजार रुपये आहे आणि 50 टक्के बोनसमुळे आपण 6 हजार भरतो. काच बदलायला 7 हजार लागणार आहेत. क्लेम केला, 1 हजार स्वहिस्सा गेला, 6 हजार मिळाले. पुढच्या वर्षी बोनस शून्य: 6 हजार जास्त भरले. त्याच्या पुढच्या वर्षी 50 ऐवजी 20 टक्के: 3,600 जास्त. मग 25 टक्के: 3 हजार. मग 35: 1,800. मग 45: 600. पाच वर्षांत जादा भरलेले एकूण 15 हजार. गाडी जुनी होते तसा हप्ता थोडा उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी येईल. पण 6 हजारांसाठी याच्या दुपटीच्या आसपास मोजले, हे काही बदलत नाही.

सूत्र असे निघते. बोनस 50 टक्क्यांवर असेल तर एका क्लेमची खरी किंमत बोनसपूर्व हप्त्याच्या सव्वापट. सध्या 20 टक्क्यांवर असेल तर सुमारे 80 टक्के. पहिलेच वर्ष असेल तर निम्मी. हाती येणारी रक्कम याहून बरीच जास्त असेल तरच क्लेम करावा. नाहीतर काच आपल्या पैशाने टाकून मोकळे व्हावे.

याला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. ‘बोनस संरक्षण’ ही पुरवणी घेतलेली असेल, तर अटी वाचून खुशाल क्लेम करावा. काही कंपन्या काच भरण्याच्या खर्चाला बोनसला हात लावत नाहीत, तेही आधी विचारावे. त्याच पॉलिसी-वर्षात आधी एखादा क्लेम झाला असेल तर बोनस गेलेलाच आहे, तेव्हा काच क्लेममध्ये घ्यायला हरकत नाही. उलट वर्ष-दीड वर्षात नवी गाडी घ्यायची असेल, तर बोनस प्राणपणाने जपावा. कारण तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि नव्या गाडीच्या भरभक्कम हप्त्यावर तो लावून मिळतो. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले तर मात्र तो कुणाच्याच कामाचा राहत नाही.

गाडी नव्या ढंगाची असेल तर हिशेब उलटतो. अलीकडच्या बऱ्याच मोटारींत पुढच्या काचेमागे रस्ता पाहणारा कॅमेरा, पावसाचा सेन्सर असतो. काच महाग आणि ती बदलल्यावर कॅमेरा नव्याने जुळवावा लागतो. न जुळवलेला कॅमेरा चुकीच्या वेळी ब्रेक लावू शकतो. अशा गाडीला क्लेमच परवडतो. फक्त इस्टिमेटमध्ये कॅमेरा जुळवण्याचा खर्च आधीच लिहून घ्यावा.

क्लेम करायचा ठरला तर

क्रम सोडू नये. आधी कंपनीला कळवावे, क्लेमचा क्रमांक घ्यावा, मग काच उतरवावी. काच बदलून, जुनी भंगारात देऊन मग बिल घेऊन गेलेला माणूस हात हलवत परत येतो. लहान रकमेच्या क्लेमला अनेक कंपन्या मोबाइलवरच्या फोटो-व्हिडिओवर भागवतात. सर्व्हेअर नेमायचाच झाला तर विमा नियामक इर्डाईच्या 2024 च्या परिपत्रकानुसार कळवल्यापासून 24 तासांत नेमायचा आणि त्याचा अहवाल आल्यावर 7 दिवसांत निर्णय द्यायचा, असे बंधन आहे. आरसी, परवाना, पॉलिसी आणि इस्टिमेट एवढे हाताशी ठेवावे. कंपनी ऐकत नसेल तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, मग इर्डाईचा दूरध्वनी 155255, आणि त्यानंतर विमा लोकपाल. लोकपालाकडे जायला वकील लागत नाही आणि शुल्कही पडत नाही.

काच बसवण्याचे काम मात्र समोर उभे राहून करून घ्यावे. जुनी काच तारेने सीलंट कापून उतरवतात. चौकटीवर गंज असेल तर तो तेव्हाच दिसतो. तो न घासता वर सीलंट ओढला तर पुढच्या पावसात डॅशबोर्डखाली पाणी येते. नव्या काचेच्या कोपऱ्यात भारतीय मानक 2553 आणि आयएसआयची खूण छापलेली असते, ती पाहावी. बसवल्यावर काही तास गाडी हलवू नये. दरवाजा लावताना एक खिडकी थोडी उघडी ठेवावी, म्हणजे आतल्या हवेचा दाब ओल्या सीलंटवर येत नाही. ही फुकाची काळजी नव्हे. अनेक गाड्यांत डावीकडच्या प्रवाशाची एअरबॅग उघडताना काचेला टेकूनच फुगते. काच नीट चिकटलेली नसेल तर आधारच निसटतो.

आणि जुन्या काचेबरोबर दोन गोष्टी भंगारात जातात, ज्यांची आठवण सहसा दुसऱ्या दिवशी येते. पहिली फास्टॅग. तो काढताना फाटतो आणि पुन्हा चिकटवला तर चालत नाही. खानिवडे किंवा चारोटीच्या टोलवर रोखीने दुप्पट, यूपीआयने सव्वापट पैसे मोजायचे नसतील, तर बँकेकडून त्याच खात्यावर बदली टॅग मागवावा. जुना चालू ठेवून दुसरा घेऊ नये. दुसरी गोष्ट उच्च सुरक्षा नंबरप्लेटसोबत मिळालेला, काचेच्या आतून लावलेला रंगीत स्टिकर. पेट्रोल-सीएनजीला निळा, डिझेलला केशरी. कायद्याच्या लेखी ती गाडीची तिसरी पाटी आहे आणि ती नव्याने मागवावी लागते.

दगडाचा धनी

एवढे सगळे झाल्यावर एक प्रश्न उरतो. खडा ज्याच्या डंपरमधून पडला, त्याने काय मोजले?

कागदावर वाट आहे. डंपरच्या तृतीय पक्ष विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान येते, दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात करता येतो. प्रत्यक्षात खडा कुठल्या डंपरचा, हे डॅशकॅम असल्याशिवाय सिद्ध होत नाही, आणि काही हजारांसाठी तारखांना कोण जाणार? 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भार वाहणाऱ्या गाडीला 20 हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2 हजार असा दंड कायद्यात आहे. डंपर शिगोशीग भरला नाही आणि ताडपत्री मागच्या फळीखाली बांधली, तर निम्मे खडे रस्त्यावर येणारच नाहीत. पण दंड होतो की नाही हे नाक्यावर ठरते, आणि काचेचा खर्च गाडीवाल्याने गृहीतच धरलेला असतो.

बंदर, बुलेट ट्रेन, महामार्ग यांचे श्रेय घेणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या खडीने फुटलेल्या काचांचा हिशेब मात्र कुठल्याच अंदाजपत्रकात नाही. तो बोनस गमावलेल्या पॉलिसींमध्ये विखुरलेला आहे. हे बदलायचे तर खाणीच्या फाटकावर, गाडी रस्त्याला लागण्यापूर्वीच, भार आणि ताडपत्री तपासली पाहिजे. महसूल खाते, परिवहन खाते आणि महामार्ग प्राधिकरण या तिघांनी मिळून करायचे हे काम आहे आणि त्याला नवा कायदा लागत नाही.

ते होईल तेव्हा होईल. दिवाळीत गाडी गावाकडे काढण्याआधी आपली पॉलिसी एकदा उघडा आणि चार गोष्टी पाहा: स्वतःच्या नुकसानीची मुदत, बोनसची टक्केवारी, बोनसपूर्व हप्ता आणि स्वहिस्सा. त्या एका कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, शेजारी चिकटपट्टी ठेवा, आणि पुढे डंपर दिसला की मागे राहा.